हिगिन्स कसा वाचावा: वर्गभेदाच्या नाटकातला सुखवस्तू पुरुष, पायरीपायरीने

"हिगिन्स उद्धट आहे, तुसडा आहे, पण मनाने वाईट नाही." जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या या प्राध्यापकावर लिहायला सांगितलं की बहुतेक वह्यांमध्ये हे वाक्य सापडतं. मी बरीच वर्षं एम. ए.च्या मुलांना नाटक शिकवते आणि दरवर्षी या वाक्यापाशी थांबते. ते खोटं नाही. पण त्यात हिगिन्सचा स्वभाव आला, त्याची जागा आली नाही. नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी: हिगिन्स हा उच्चारशास्त्राचा जाणकार, आणि एलायझा या गरीब फुलवालीला उच्चार शिकवून डचेस, म्हणजे बड्या उमराव घरातली बाई, म्हणून खपवता येईल का, यावर त्याची कर्नल पिकरिंगशी पैज लागते. शेजारच्या एखाद्या तुसड्या काकांबद्दलही हेच वाक्य लिहिता येईल, मग नाटक वाचून मिळवलं काय?

नाटक वर्गभेदावर असेल आणि समोरचं पात्र पैसेवालं, शिकलेलं आणि पुरुष असेल, तर स्वभावाकडे नंतर वळावं. आधी बघावं की त्याला कशाकशाची मुभा आहे. कोणतं काम त्याला करावं लागत नाही, कोणाला उत्तर द्यावं लागत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणता प्रश्न त्याला पडतच नाही. या लेखात मी हिगिन्सला घेऊन ही पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवते. परीक्षेसाठी लिहिणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, आणि नाटक बसवणाऱ्यांनाही.

आधी संहिता कोणती, ते ठरवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती टाळल्यामुळे चांगली चांगली उत्तरं कोसळलेली मी पाहिली आहेत. शॉने नाटक 1912 मध्ये लिहिलं. पहिला प्रयोग 16 ऑक्टोबर 1913 रोजी व्हिएन्नात, जर्मन भाषेत झाला. लंडनला ते 11 एप्रिल 1914 रोजी हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये आलं. 1938 मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि त्यातले काही प्रसंग शॉने 1941 च्या आवृत्तीत घेतले. म्हणून तुमच्या पुस्तकात एलायझा मोठ्या मेजवानीत वावरते तो प्रवेश असेल, तर ती नंतरची आवृत्ती आहे. मूळ पाच अंकांत ती मेजवानी रंगमंचावर येतच नाही. चौथ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा विजय मिळून गेलेला असतो आणि थकलेली माणसं घरी परतत असतात. हिगिन्सच्या विश्लेषणात या गोष्टीला मोठी किंमत आहे, कारण त्याचा पराक्रम न दाखवता शॉ त्याचं पराक्रमानंतरचं वागणं दाखवतो.

शेवटही वेगळे आहेत. चित्रपटात एलायझा परत येते आणि हिगिन्स सपाता मागतो. 1956 साली आलेल्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेनेही तोच शेवट ठेवला. शॉच्या नाटकात ती परत येत नाही. 1914 च्या प्रयोगात हिगिन्सचं काम करणारा हर्बर्ट बीरबोम ट्री पडदा पडण्याआधी एलायझाकडे फुलं फेकायचा आणि शॉ त्यावर संतापला होता. बघणाऱ्यांना हिगिन्सला माफ करायची घाई पहिल्यापासूनच होती. तुम्ही ती करू नका.

मी इथे मूळ पाच अंकी संहिता धरून बोलते आहे.

पहिलं वाचन: बूट कोण बघतं?

नाटक सुरू होतं ते लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, सेंट पॉल चर्चच्या कमानीखाली. रात्रीचे सव्वाअकरा, धो धो पाऊस, आडोशाला जमलेली निरनिराळ्या थरांतली माणसं. एक माणूस, म्हणजे हिगिन्स, सगळ्यांकडे पाठ करून एलायझा जे बोलेल ते वहीत टिपून घेतो आहे. कुणीतरी तिला सावध करतं आणि ती घाबरते. तिला वाटतं हा पोलिसांचा खबऱ्या आहे. सभ्य पुरुषांशी बोलल्याबद्दल आपल्यावर ठपका येईल, आपली अब्रू जाईल, आपण रस्त्यावर येऊ. ती रडकुंडीला येऊन सगळ्यांना सांगत सुटते की मी चांगली मुलगी आहे. तेवढ्यात गर्दीतला एकजण म्हणतो, घाबरू नकोस, तो साहेबमाणूस आहे, त्याचे बूट बघ.

वहीत पहिली खूण इथे करा. अनोळखी मुलीचं बोलणं गुपचूप लिहून घेणं हे संशयास्पदच आहे, पण बूट बघितल्यावर संशय गळून पडतो. एलायझाने केलं आहे ते फक्त एका सद्गृहस्थाला फुलं घ्या म्हणणं, आणि तेवढ्यावर तिला स्वतःच्या चारित्र्याची ग्वाही द्यावी लागते. हिगिन्सने अजून स्वतःबद्दल काही सांगितलेलंही नाही. त्याच्या वतीने त्याचे बूट बोलले.

मग तो आपली करामत दाखवतो. कोण कुठल्या गावचं, कुठल्या वस्तीतलं, ते नुसत्या उच्चारावरून सांगतो. पिकरिंगबद्दल तर चेल्टनहॅम, हॅरो, केंब्रिज आणि हिंदुस्थान, अशी सगळी वाटचाल सांगून मोकळा होतो. गर्दी थक्क होते आणि थोडी चिडतेही. त्याचं पोट कशावर चालतं तेही इथेच कळतं: गरिबीतून वर आलेल्या श्रीमंतांचे उच्चार बदलून देणं. म्हणजे वर्गाच्या भिंती आहेत म्हणून याचा धंदा आहे. हे तो लपवत नाही, पण त्यावर कधी विचारही करत नाही.

दुसरं वाचन: पैशाचा माग

आता पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करा आणि या वेळी फक्त पैसे शोधा. इंग्लंडचं जुनं नाणं थोडं समजून घ्यावं लागेल. 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड. हाफ क्राउन म्हणजे अडीच शिलिंग, फ्लोरिन म्हणजे 2, अर्धा सॉव्हरिन म्हणजे 10.

पहिल्या अंकाच्या शेवटी एलायझा फुलं घ्या म्हणून गयावया करते. हिगिन्स तिला खोटारडी म्हणतो, कारण मघाशी तिने सुट्टे असल्याचं सांगितलेलं त्याने टिपून ठेवलेलं असतं. तेवढ्यात चर्चचं घड्याळ वाजतं. त्याला ती दैवी समज वाटते, तो हॅट उचलतो आणि मूठभर नाणी तिच्या टोपलीत फेकून निघून जातो. ती नाणी वेचते. हाफ क्राउन, दोन फ्लोरिन, आणखी काही नाणी आणि अर्धा सॉव्हरिन. नाव घेतलेल्या नाण्यांचीच बेरीज साडेसोळा शिलिंग होते. दुसऱ्या अंकात हिगिन्स स्वतःच अंदाज करतो की ही मुलगी दिवसाला अडीच शिलिंग मिळवत असेल. भागाकार करा. त्याने एका मुठीत तिची सहा दिवसांहून जास्त कमाई फेकली, आणि ती फेकताना त्याने मोजलीही नाही. उदारपणाच्या आधी मला इथे ही न मोजण्याची मुभा दिसते.

दुसऱ्या अंकात तीच एलायझा शिकवणीसाठी येते आणि तासाला एक शिलिंग देऊ करते. हिगिन्स खिशातल्या किल्ल्या आणि नाणी खुळखुळवत हिशेब मांडतो: ही आपल्या दिवसाच्या कमाईचे दोन पंचमांश देते आहे; लक्षाधीशाने त्याच प्रमाणात दिले तर साठेक पौंड होतील; एवढी मोठी फी मला आजवर कोणी देऊ केलेली नाही! हे वाचताना बारकाईने थांबा, कारण इथे हिगिन्सची सगळी गुंतागुंत आहे. त्या खोलीत बसलेल्या कुणालाही त्या शिलिंगाचं खरं वजन कळलं नव्हतं, हिगिन्सला कळलं. त्याची बुद्धी वर्गभेद ओलांडून जाते. पण ते त्याला गणित म्हणून कळतं. समोरची बाई साठ पौंडांचं नाव ऐकून घाबरून रडायला लागली आहे, तिला वाटतंय की आपल्याकडे तेवढे मागतायत, आणि त्याला तिच्या रडण्याचा वैताग येतो.

आणि प्रयोगाचा खर्च कोण करतं? पिकरिंग. पैज त्याची, शिकवणीचे पैसेही त्याचे. हिगिन्सच्या खिशातून या सगळ्यात फारसं काही जात नाही. विद्यार्थी हे हमखास विसरतात आणि 'हिगिन्सने तिच्यावर खर्च केला' असं लिहून मोकळे होतात.

आता खिशांचा माग पुढे न्या. तिसऱ्या अंकात त्याची आई त्याला सांगते की चुळबुळ थांबव आणि खिशातून हात काढ. चौथ्या अंकात एलायझा आयुष्याचा प्रश्न विचारते तेव्हा तो खिशात हात घालून, आतलं खुळखुळवत येरझाऱ्या घालतो. आणि मूळ संहितेच्या शेवटच्या रंगसूचनेत, सगळे निघून गेल्यावर एकटा हिगिन्स खिशातले पैसे खुळखुळवतो, स्वतःशीच हसतो, स्वतःवर खूश असतो. पहिल्या अंकात टोपलीत पडलेल्या नाण्यांचा आवाज नाटकाच्या शेवटी पुन्हा येतो. शॉने हे सहज घातलंय असं मला वाटत नाही. रंगसूचना तिरक्या अक्षरांत असतात म्हणून मुलं त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. या नाटकात त्या संवादांइतक्याच जपून वाचा.

तिसरं वाचन: एक प्रश्न, तीन बायका

मला विचाराल तर हिगिन्सची किल्ली इथे आहे. 'पुढे हिचं काय होणार?' हा प्रश्न नाटकात तीनदा विचारला जातो, तिन्ही वेळा बाई विचारते, आणि प्रत्येक अंकागणिक विचारणारी बदलते. वहीचं पान आडवं धरा, तीन उभे रकाने पाडा, आणि प्रत्येकात तीन गोष्टी लिहा: कोणी विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, आणि उत्तर देताना तो शरीराने काय करत होता.

पहिला रकाना. दुसरा अंक, घर सांभाळणाऱ्या मिसेस पीअर्स. नोकरीतली बाई, तरी ती स्पष्ट बोलते: समुद्रकिनाऱ्यावरचा गारगोटा उचलावा तशी मुलगी उचलता येत नाही, शिकवणं संपल्यावर तिचं काय, थोडं पुढचं बघा. हिगिन्सचं उत्तर तर्काच्या कसरतीसारखं आहे. मी तिला गटारात सोडली तर तिचं काय होणार, असं तो उलट विचारतो. तो तिचा प्रश्न, तुमचा नाही, असं बाई म्हणतात. मग तो म्हणतो, ठीक, काम झालं की तिला परत गटारात टाकू, मग तो पुन्हा तिचा प्रश्न होईल, म्हणजे मिटलंच! वाद जिंकला. प्रश्न तिथेच राहिला.

दुसरा रकाना. तिसरा अंक, लंडनच्या चेल्सी भागातल्या आईच्या घरचा दिवाणखाना. मिसेस हिगिन्स या मुलापेक्षा वरचढ आहेत आणि त्यांना तो टाळता येत नाही, म्हणून इथे बचाव वेगळा होतो. त्या म्हणतात की तुम्ही दोघं जिवंत बाहुलीशी खेळणारी पोरं आहात. त्यांनी नेमकं बोट ठेवलंय: तुम्ही हिला उच्च घरातल्या बाईच्या सवयी लावताय, त्या सवयींनी हिचं कमावणं बंद होईल, आणि उच्च घरातल्या बाईचं उत्पन्न मात्र तुम्ही तिला देत नाही आहात. वर्गभेदावर लिहिताना हे वाक्य जरूर वापरा, मी नाटकातलं सगळ्यात धारदार वाक्य त्यालाच मानते. यावर हिगिन्स म्हणतो की ती तिच्या मार्गाने जाईल, मी दिलेले सगळे फायदे घेऊन. तिला काहीतरी हलकं काम शोधून देऊ. पिकरिंगही म्हणतो की होईल सगळं ठीक, आणि रंगसूचना सांगते की तो थोडा कंटाळलेला आहे. दोघंही उठून उभे राहिलेत. शरीराच्या ओळीत तेवढंच लिहा: 'उठून निघाले.'

तिसरा रकाना. चौथा अंक, मध्यरात्र, विम्पोल स्ट्रीटवरचं हिगिन्सचं घर. या वेळी स्वतः एलायझा विचारते: माझं काय होणार? आधी तो झटकून टाकतो, मला काय माहीत, काय फरक पडतो. मग त्याला कळतं की हिला खरंच याची काळजी लागली आहे. रंगसूचना म्हणते की उलगडा होतो, पण त्याच्यावर काही परिणाम होत नाही. खिशात हात, येरझाऱ्या. तो तिच्याकडे बघत नाही; पियानोवर ठेवलेल्या फळांकडे बघतो, एक सफरचंद निवडतो, आणि तू लग्न करू शकशील की, असं म्हणून मोठा घास घेऊन कचाकचा खातो. आई कोणीतरी मुलगा शोधून देईल, असंही सुचवतो.

एलायझाचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: मी फुलं विकत होते, स्वतःला विकत नव्हते, तुम्ही मला लेडी केलंत आणि आता विकायला दुसरं काही उरलं नाही.

तीन रकाने शेजारी ठेवले की दिसतं, प्रश्न विचारणारी दर वेळी प्रश्नाच्या अधिक जवळची आहे, आणि हिगिन्सचं लक्ष दर वेळी अधिक दूर गेलं आहे. आधी युक्तिवाद, मग निरोप, मग सफरचंद. ही उतरण सापडली की 'तो निष्काळजी होता' असं मोघम लिहावं लागत नाही.

एक पान जवळून: सपाता

विश्लेषणात एक तरी पान असं घ्यावं की ज्याची ओळ न् ओळ तुम्ही तपासली आहे. हिगिन्ससाठी मी चौथ्या अंकाचं पहिलं पान घेते.

एलायझा आत येते, दिवा लावते, पंखा आणि फुलं पियानोवर ठेवते आणि गप्प बसते. हिगिन्स येतो, हॅट आणि कोट कुठेतरी टाकतो. पिकरिंग म्हणतो की पसारा बघून मिसेस पीअर्स रागावतील. हिगिन्स म्हणतो, टाक जिन्यावरून खाली, सकाळी त्यांना सापडतील आणि त्या उचलून ठेवतील. मग तो पुटपुटतो की माझ्या सपाता कुठे गेल्या. एलायझा त्याच्याकडे एक नजर टाकते आणि खोलीबाहेर जाते. ती परत येते तेव्हा हातात झिजलेल्या मोठ्या सपाता असतात. त्या ती त्याच्यासमोर ठेवते आणि एक शब्द न बोलता आधीच्या जागी जाऊन बसते. हिगिन्स जांभई देत संध्याकाळला शिव्या घालत असतो. बुटाची नाडी सोडायला पाय उचलतो, सपाता दिसतात, आणि तो त्यांच्याकडे असा बघतो की त्या आपल्या आपण चालत आल्या आहेत. 'अच्छा, इथे आहेत होय.'

इथे थांबा आणि क्रियापदं मोजा. दिवा लावला, ठेवलं, गेली, आणलं, ठेवलं: एलायझा. टाकलं, टाक, कुठे गेल्या, आहेत होय: हिगिन्स. मेहनत एका बाजूला आहे आणि वस्तूंना दुसऱ्या बाजूला स्वतःचे पाय फुटले आहेत. त्याच संध्याकाळी या मुलीने त्याची पैज जिंकून दिली आहे. पिकरिंग झोपायला जाताना अभिनंदन करतो ते हिगिन्सचं. हिगिन्स देवाचे आभार मानतो की संपलं एकदाचं, एलायझा दचकते, दोघांच्या लक्षात येत नाही. जाताना तो तिला सांगतो की दिवे मालव आणि मिसेस पीअर्सना सांग, सकाळी कॉफी नको, चहा. मग परत येतो, कारण सपाता विसरला, आणि तेव्हा त्या त्याच्या अंगावर येतात.

मुलं लिहितात की एलायझाने 'रागाच्या भरात' सपाता फेकल्या. मला हे पटत नाही. आधी ज्या सपाता आपोआप आल्यासारख्या दिसल्या, त्या आता कुणाच्या तरी हातातून येताना त्याला पहिल्यांदा दिसल्या.

त्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडा

या पायरीशिवाय विश्लेषण आरोपपत्र होतं. पाचव्या अंकात हिगिन्स स्वतःचा बचाव करतो, आणि तो दुबळा नाही. त्याचं म्हणणं असं की वागणूक चांगली की वाईट हा मुद्दा नाही. सगळ्या माणसांशी एकसारखं वागलं की झालं. पिकरिंग फुलवालीला डचेससारखं वागवतो, मी डचेसला फुलवालीसारखं.

संहितेत तपासा. खरं आहे! आईच्या पाहुण्यांशी तो तितकाच उद्धट वागतो, फर्निचरला धडकतो, तोंडाला येईल ते बोलतो. एलायझा म्हणून तो तिला वेगळं हिणवत नाही. त्याला मुलीच्या शरीराचाही मोह नाही, आणि शॉ ते पिकरिंगच्या तोंडून सरळ प्रश्न विचारून स्पष्ट करून घेतो. तिचा बाप डूलिटल पाच पौंड मागायला येतो तेव्हा म्हणतो, तुमचा हेतू वाईट असता तर पन्नास मागितले असते. शॉने ते दार बंद केलं, कारण ते उघडं असतं तर आपण हिगिन्सला लंपट ठरवून मोकळे झालो असतो आणि खऱ्या प्रश्नापर्यंत पोचलोच नसतो.

मग त्याच्या बचावात त्रुटी कुठे आहे? वागणूक एकसारखी असली तरी ती ज्याच्यावर पडते तो एकसारखा नसतो. आईकडच्या पाहुण्या मिसेस आइन्सफर्ड हिल दुखावल्या तर उठून घरी जाऊ शकतात. एलायझाचं घर कुठे आहे? मिसेस पीअर्सची नोकरी आहे. सगळ्यांशी एकसारखं उद्धट वागण्याची चैन ज्याला कोणावर अवलंबून राहावं लागत नाही त्यालाच परवडते. एलायझाने एकदा जरी डचेसशी फुलवालीसारखं वागून दाखवलं असतं, तरी पैज हरली असती.

एलायझाचा प्रतिवादही याच अंकात आहे: लेडी आणि फुलवाली यांच्यातला फरक ती कशी वागते यात नसतो, तिला कसं वागवलं जातं यात असतो. दोन वाक्यं समोरासमोर ठेवा. तुमच्या उत्तराचा कणा तिथे तयार होतो.

आजूबाजूच्या पुरुषांशी ताडून बघा

हे थोडक्यात उरकलं तरी चालेल, पण वगळू नका. एलायझावर भाळलेला फ्रेडी, मिसेस आइन्सफर्ड हिलचा मुलगा, घराण्याचा आहे, पैसा नाही. त्याच्याकडे बघून कळतं की वर्ग म्हणजे केवळ पैसा नव्हे. डूलिटल गरीब पुरुष आहे, पण मुलीच्या बाबतीत त्यालाही मुभा आहेच: तिची किंमत तो ठरवतो. आणि पिकरिंगकडे मात्र नीट बघा. तो सौम्य, तिला 'मिस डूलिटल' म्हणणारा, तिच्या स्वाभिमानाची सुरुवात त्याच्यापासून झाली असं ती स्वतः सांगते. तरी 'पुढे काय' हा प्रश्न त्यालाही पडला नाही. हिगिन्सच्या उद्धटपणावरच लिहीत राहिलात तर पिकरिंग सुटतो, आणि मग वर्गाचा प्रश्न शिष्टाचाराचा होऊन बसतो.

मराठी प्रयोग हाताशी असेल तर

आपल्यातले बरेच जण हिगिन्सला आधी प्रा. अशोक जहागीरदार म्हणून भेटले. पु. ल. देशपांडे यांनी केलेलं 'ती फुलराणी' हे रूपांतर 1975 मध्ये रंगभूमीवर आलं, भक्ती बर्वे मंजुळा, म्हणजे आपली एलायझा, आणि सतीश दुभाषी जहागीरदार. मंजुळाचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' एकपात्री स्पर्धांमध्ये अजून ऐकू येतं.

तुलना करायची असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. आडनावाकडे बघा: 'हिगिन्स' हे नाव काही सांगत नाही, 'जहागीरदार' मात्र पात्र तोंड उघडण्याआधीच सगळं सांगतं. आणि उच्चारांकडे बघा. लंडनमध्ये उच्चारावरून वस्ती आणि वर्ग कळतो. आपल्याकडे 'पाणी'चं 'पानी' ऐकल्याबरोबर ऐकणारा गाव, शाळा आणि मनातल्या मनात जातही ठरवून टाकतो. म्हणून मंजुळाला 'शुद्ध' बोलायला लावणारा माणूस एलायझाच्या शिक्षकापेक्षा वेगळं काहीतरी पुसून टाकत असतो. हे लिहायचं तर स्वतंत्र परिच्छेदात लिहा. दोन्ही नाटकांची सरमिसळ झाली की दोन्ही बाजू ढिल्या होतात. 'इंग्लंडमध्ये वर्ग, आपल्याकडे जात' असं एका ओळीत आटोपू नका. मंजुळाच्या बाबतीत दोन्ही एकत्र आहेत.

आता लिहायला बसा

टिपणं चार-पाच पानं झाली असतील. सगळी वापरू नका. एक दावा निवडा. दावा असा हवा की त्यावर कोणी 'नाही' म्हणू शकेल. 'हिगिन्स उच्चवर्गीय आहे' हा दावा नाही, ती माहिती आहे. 'हिगिन्स एलायझाशी क्रूर नाही, तो तिच्या भविष्याबद्दल विचार न करण्याची मुभा वापरतो, आणि शॉच्या दृष्टीने ते अधिक गंभीर आहे' हा दावा आहे.

परिच्छेद रचताना प्रसंग, बारीक तपशील आणि त्याचा अर्थ, या क्रमाने जा. वर्गात मी फळ्यावर लिहून दाखवते तो नमुना असा:

"चौथ्या अंकात एलायझा आपल्या भविष्याबद्दल विचारते तेव्हा हिगिन्स सफरचंद निवडतो. तो तिला टाळत नाही, उत्तरही देतो. पण त्याचं लक्ष फळावर आहे. याच प्रश्नाला दुसऱ्या अंकात त्याने युक्तिवादाने आणि तिसऱ्या अंकात निरोप घेऊन उत्तर दिलं होतं. एलायझाच्या दृष्टीने जगण्याचा प्रश्न, हिगिन्सच्या दृष्टीने झोपण्याआधीची किरकिर. दोघांमधलं अंतर शॉ भाषणाने दाखवत नाही, चावण्याच्या आवाजाने दाखवतो."

या परिच्छेदात 'उद्धट', 'अहंकारी', 'निर्दयी' असा एकही शब्द नाही. लिहून झाल्यावर स्वतःचा मजकूर वाचा आणि अशी विशेषणं पेन्सिलने गोल करा. प्रत्येक गोलाच्या जागी एखादी कृती टाकता येते का बघा. बहुतेक वेळा येते. आली नाही, तर ते विशेषण तुम्ही नाटकाबाहेरून आणलेलं असतं.

आणखी एक सांभाळा. 'त्या काळी असंच होतं' हे वाक्य लिहू नका. मिसेस पीअर्स आणि मिसेस हिगिन्स त्याच काळातल्या आहेत, एक नोकरीतली, एक श्रीमंत, आणि दोघींना प्रश्न दिसला. काळाने हिगिन्सला आंधळं केलं असतं तर त्याच्या इतक्या जवळ दोन डोळस बायका नसत्या.

नाटक बसवणाऱ्यांसाठी शेवटचं पान. एलायझा निघाली असताना हिगिन्स तिला फर्मान सोडतो: हॅम सांग, स्टिल्टन चीज सांग, माझ्यासाठी आठ नंबरचे हातमोजे आण, एक टाय आण, रंग तू निवड. ती म्हणते, तुमचे तुम्ही आणा, आणि निघून जाते. सगळे डूलिटलच्या लग्नाला जातात. त्याला नेत नाहीत, कारण चर्चमध्ये तो पाद्र्याच्या उच्चारांवर मोठ्याने शेरे मारतो. तो म्हणतो, आणेल ती, आणेल. मग रंगमंचावर एकटा माणूस, हात खिशात. हिगिन्स करणाऱ्या नटाला तालमीत खरी नाणी द्या, आणि तो हात किती वेळ खिशात राहतो ते अंधारात बसून मोजा.